हालरट बागेतली हजेरी

रविवार, ६ एप्रिल

घाटंजीच्या घराला कुलूप घालून दुपारच्या एसटीनं रुईपेठेला आलो. जमना, माझी बायको, गेल्यावर सहा महिने त्या घरात मी भिंतींना कविता म्हणून दाखवल्या. लेकीला हे कुणीतरी कळवलं आणि मग तिनं माझं काही ऐकलंच नाही. दीपमाला इथल्या सरकारी दवाखान्यात परिचारिका आहे. जावई नागपूरला, पंधरवड्यातून एकदा येतात. नात ओवी दुसरीत आहे. तिचं नाव मी ठेवलेलं.

ओवीनं आल्याआल्या माझी पिशवी उलटी केली. कपडे बाजूला सारून जुनी पाठ्यपुस्तकं काढली, वास घेतला आणि म्हणाली, आबा, ह्या कवितायले तर बुरशी आली. मी म्हटलं, बुरशी नाही गं, कविता मुरल्यात. चालीवर एक म्हणून दाखवली तेव्हा मात्र मांडी घालून बसली. एकाहत्तराव्या वर्षी वर्ग पुन्हा भरला, पट एकचा का असेना.

खिडकीसमोर रस्ता आणि रस्त्यापलीकडे बाग. विलायती शिरिषाखाली गुलाबी फुलांचा सडा पडलेला. बहावाही फुलायला लागलाय. चहा घेताना दीपमालानं बातमी फोडली की तिनं माझ्यासाठी एक काम पाहून ठेवलं आहे. बागेची डागडुजी झाली, पण येणाऱ्यांना माहिती सांगायला बोलका माणूस मिळेना. मी म्हटलं, बोलका तर मी आहेच. ती म्हणाली, म्हणूनच, मग घरात तरी शांतता राहील.

बुधवार, ९ एप्रिल

आज रुजू झालो. बागेचं खरं नाव हॉलरॉइड पार्क. गावाच्या जिभेवर ते राहिलं नाही, म्हणून हालरट बाग. कुणाला इथे भेटायचं असलं की लोक म्हणतात, ये हालरटात.

माहितीची वही करायला घेतली आहे. फाटक लोखंडी, विलायतेहून आलेलं. आत अष्टकोनी बँडस्टँड, तिथे शनिवारी साहेबांसाठी वाजंत्री बसत. कारंज्याला लोखंडाचे तीन बगळे, एकाची चोच गेलेली. दगडी सावलीघड्याळ आहे, ते मोबाईलपेक्षा अठरा मिनिटं मागं चालतं. ते बिघडलेलं नाही. आपलं घड्याळ साऱ्या देशाचं, ते बिचारं फक्त रुईपेठेचं. बिबट्याचा पिंजरा आहे, त्यात आता पाण्याचे पाईप गुंडाळून ठेवतात. शेवटी तलाव आणि तलावाकाठी हवाटेकडी. माथ्यावर मडमांचं चहाघर. सपाट गावात एवढा उंचवटा आला कुठून, तर १९०० सालच्या दुष्काळात लोकांना काम म्हणून तलाव खणवला आणि त्याच मातीची टेकडी रचली. 

माळी नासिरभाई, वय साठीपुढचं. तीन पिढ्या याच बागेत गेल्या. फाटकही तोच सांभाळतो. झाडलोट पंचफुलाबाई करते. टेकडीच्या सगळ्यात खालच्या पायरीवर रोज सकाळी नवी माती पडलेली असते, त्यावरून तिचा झाडू आणि तोंड दोन्ही चालू असतं. आज मला म्हणाली, हे टेकडी मातीनं वाढते का काय जी, माह्या सुनेवानी. सुनेला सातवा महिना आहे हे नंतर कळलं.

तिचा नातू राजदीप तिच्याबरोबर येतो. गोड पोरगं. नाव विचारलं तर छाती पुढं काढून आडनावासकट सांगितलं.

रविवार, १३ एप्रिल

घबाड सापडलं!

चहाघराची भिंत खरवडताना मजुरांना आत चिणलेला पत्र्याचा डबा मिळाला होता. कागद कुणालाच वाचता येईनात, म्हणून डबा महिनाभर कोठीत पडून होता. अक्षर मोडी. आमच्या चौथीच्या गुरुजींनी मला हौसेनं मोडी शिकवली होती. या गावात ती वाचणारा मी एकटाच निघालो.

तो हजेरीपट आहे. शीर्षक: दुष्काळी काम, तलाव, लहान मुलांची टोळी. चोवीस नावं. बायजा, गोदी, राघ्या, सखी, लखू, झिंगरी... अगदी शेवटी सोमा, भिवा. सोमा-भिवा भाऊ असावेत. सगळ्यात धाकटी गोदी, वय सहा. वर दोन नियम लिहिले आहेत. वय बाराच्या आत असावे. आणि दुसरा: दुपारी हजेरी घेऊन टोळी चोवीस पुरी भरल्याखेरीज कोणासही खिचडी वाटू नये.

पहिल्या पानांवर रोजच्या बरोबरच्या खुणा आहेत. शेवटची पानं ओल लागून चिकटली आहेत, बळजबरी केली नाही.

चाळीस वर्षं मी हजेरी घेतली. नावं वाचताना प्रत्येक नावाला चेहरा फुटत गेला. खाली बसून दोन ओळी केल्या:

टोपलीत माती, मातीचा डोंगर
डोंगराच्या पायी चोवीस लेकरं

उद्या जयंतीची मिरवणूक आहे. ओवीचा निळा फ्रॉक इस्त्री करून खुंटीला टांगलाय, आणि ती दर पाच मिनिटांनी त्याला हात लावून येते.

गुरुवार, १७ एप्रिल

माझी माहिती गावात गाजते आहे. संध्याकाळी टेकडीच्या पायथ्याशी मी पट उघडतो आणि चोवीस नावं वाचतो, वर्गात वाचावीत तशी. बायका डोळे पुसतात. मग मुलांकडून त्या दोन ओळी म्हणवून घेतो. चांगल्या म्हणणाऱ्याचं नाव विचारून शाबासकी देतो.

नासिरभाईला मात्र हे रुचलेलं नाही. आज भरदुपारी, बाग बंद असताना, तो टेकडीमागे पळसाच्या पानांवर खिचडीचे ढीग मांडताना दिसला. मोजले. चोवीस. म्हणाला, दर जुम्मेरातीला ठेवतो, बापानं ठेवली, त्याच्या बापानं, दादानं ठेवली. नावं आमाले मालूम नाई आन् मालूम करायची बी नाई. मी थट्टेनं म्हटलं, कावळ्यांची चंगळ आहे म्हणायची. तो हसला नाही. म्हणाला, मास्तर, दादानं ते किताब शौक म्हणून नाई चिणलं भितीत. वाचू नका.

मी अंधश्रद्धा मानणारा माणूस नाही. आमच्या घरात बाबासाहेबांनंतर देव्हाराच राहिला नाही. पण खिचडी ठेवण्यामागची माया मला समजते. भीती तेवढी समजत नाही.

मंगळवार, २२ एप्रिल

हे लिहू की नको, असं झालंय.

मूळ हजेरी दुपारची, तर दुपारीच वाचून पाहावी, असं मनात आलं. बाग रिकामी. ऊन असं की सावलीसुद्धा झाडाला चिकटून उभी. बरोबर बाराला नावं वाचली. काही नाही. पाणी प्यालो, थोडा रेंगाळलो. सावलीघड्याळावर बारा झाले तेव्हा सहज पुन्हा पट उघडला.

बायजा, म्हटलं. आणि कुणीतरी म्हणालं, जी.

हजर नव्हे. जी. आपल्याकडे म्हातारी माणसं अजून म्हणतात तसं, खालमानेनं. गोदी. जी. हा आवाज अगदी खालून आला, माझ्या गुडघ्याच्या उंचीवरून. राघ्या. जी. मी थांबलो नाही. चोवीस नावं, चोवीस आवाज.

भीती वाटली का? नाही. मला रडू आलं. एवढा शहाणा वर्ग मला कधी मिळाला नव्हता.

बाहेर पडताना पंचफुलाबाई भेटली. तुमी काहून एकटेच बडबडून राह्यले जी, तुमची बुढी सपनात आलती का, असं विचारून तोंडाला पदर लावला. मीही हसलो.

शुक्रवार, २५ एप्रिल

रोज दुपारी जातो. रोज चोवीस. काल हजेरी संपल्यावरही ती गेली नाहीत. दिसत काहीच नाही, पण समोर वर्ग बसला असला की गुरुजीच्या पाठीलाही कळतं. वाट पाहत होती. कशाची, ते मला आत्ता उमगलं.

सव्वाशे वर्षं झाली, त्यांची नावं कुणी कमीच केली नाहीत! पटावर नाव आहे तोवर मूल येणारच. चाळीस वर्षं हेच तर केलं मी: गाव सोडून जाणाऱ्या पोराचा दाखला लिहायचा, पटावर तांबड्या शाईची रेघ, आणि पोरगं मोकळं.

कोऱ्या कागदावर दाखला आखला. विद्यार्थिनीचे नाव: गोदी. वर्तणूक: चांगली. सोडण्याचे कारण: आई वाट पाहत आहे. खाली सही. मग सोमाचा, मग भिवाचा. तिन्ही दाखले टेकडीवर मोठ्यानं वाचले आणि पटावर तांबड्या रेघा मारल्या. म्हटलं, जा रे लेकरांनो. वारा नसताना मेंदीचं कुंपण तीन ठिकाणी हललं.

बाकीच्या एकवीसांना सांगितलं, रोज तीन-तीन. धीर धरा, गुरुजी विसरायचे नाहीत.

घरी येऊन ओवीला जवळ घेतलं. इतका आनंद शेवटचा जमना असताना झाला होता.

शनिवार, २६ एप्रिल

एकवीस जी. तीन जागा गप्प. गेली, तिघंही खरंच गेली.

पण आज बाकीची जी फार भराभर म्हणाली. मी नाव वाचून पुरं करायच्या आत. आणि अखेरीस सगळीकडून एक बारीक आवाज येत राहिला. आधी वाटलं, सुकी पानं. ते पोटांचे आवाज होते.

आणखी तीन दाखले लिहून नेले होते. ते वाचायला जीभच वळली नाही. कोरड पडली असेल.

सोमवार, २८ एप्रिल

दुपारी बायजा म्हटलं. जी. गोदीची ओळ ओलांडून राघ्याकडे वळलो, तेवढ्यात मध्येच, मोठ्यानं, खणखणीत—

हजर!

आजच्या शाळेतलं पोर हात वर करून ओरडतं तसं. आणि त्यामागे बाकीच्यांचा एक सुस्कारा.

मी पट मिटून घरी आलो.

मंगळवार, २९ एप्रिल

राजदीप गेला. पंचफुलाबाईचा नातू.

काल दुपारी आजीच्या पदराशी बँडस्टँडच्या सावलीत झोपला होता. ती जागी झाली तर जागेवर नाही. टेकडीमागे सापडला, भिंतीला टेकून बसलेला, मांडीवर बांधकामाचं घमेलं. डॉक्टरांनी ऊन लागलं असं लिहिलं. दीपमाला ड्यूटीवर होती. घरी येऊन तिनं ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, बाबा, त्याच्या दोन्ही तळहातांना फोड होते, फुटलेले. आणि तोंड मातीनं भरलं होतं, दातांपर्यंत. ती त्यानं चावलेली होती.

पंचफुलाबाई दवाखान्याच्या दारात एकच वाक्य म्हणत होती. सकाऊन माह्या हातानं पोळी खाल्ली होती जी त्यानं. उपाशी नोयता. माही शपथ, उपाशी नोयता.

पट उघडला. गोदीच्या तांबड्या रेघेवर नवं नाव आहे. राजदीप, वय आठ. मोडीत. शाई काळी, ताजी.

अक्षर माझं आहे. मी लिहिलेलं नाही.

बुधवार, ३० एप्रिल

चिकटलेली पानं चहाच्या वाफेवर धरून सोडवली. आधीच हे करायला हवं होतं. मी नावांवरच भुललो.

शेवटची चार पानं. गोदी गैरहजर, ताप. हजर तेवीस. खिचडी वाटप नाही. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवसाच्या पानावर कारकुनानं सुबक अक्षरात लिहिलंय: नियमाप्रमाणे वाटप नाही, मुले माती खात आहेत, समज दिली. पुढं कोरं.

नासिरभाईला सगळं सांगितलं. त्यानं फावडं मातीत रोवलं. म्हणाला, दादा सांगे, मेल्यावर चोवीस पुरे झाले म्हणून गप होते. रोजची खिचडी नाई, हप्त्याची तरी भेटे. तुमी त्यायले सोडलं नाई मास्तर. तुमी त्यायची गिनती तोडली.

काल त्यानं मुद्दाम ठेवलेली खिचडी तशीच पडून आहे. मुंगीनंही तोंड लावलं नाही.

रेघा तीन मारल्या मी. भरली एक.

गुरुवार, १ मे

सोमाच्या ओळीवर नाव उमटतंय. अजून फिकं, शिसपेन्सिलीनं लिहिल्यासारखं. शादाब, वय नऊ.

कोण शादाब? मग आठवलं. रविवारी आर्णीहून एक कुटुंब आलं होतं. चुणचुणीत पोरगा. माझ्या दोन ओळी त्यानं सगळ्यांत गोड म्हटल्या. मी नाव विचारलं, पाठ थोपटली. राजदीपचंही मीच विचारलं होतं.

ठरवलं, हजेरी घ्यायचीच नाही. दुपारी घरीच राहिलो. पट ट्रंकेत, ट्रंकेला कुलूप. जरा डोळा लागला.

उठलो तर ओवी माझ्याकडे टक लावून पाहत होती. म्हणाली, आबा, तुमी झोपेत हजेरी घेऊन राह्यले होते. पुरी घेतली. एक नवा पोरगा हजर बी म्हणाला.

ट्रंक उघडायची गरज नव्हती. उघडली. नाव ठळक झालं होतं.

शुक्रवार, २ मे

नासिरला आर्णीहून ओळखीच्यांचा फोन. शादाब गेला. घरच्या गच्चीवर. तोंडात माती.

तीस किलोमीटर. बाग लागतच नाही त्यांना. नाव लागतं.

एक ओळ उरली. भिवाची.

ओवी रात्री जेवली नाही. उन्हानं असेल, असं दीपमाला म्हणाली.

शनिवार, ३ मे

भिवाच्या ओळीवर फिकं नाव.

ओवी, वय सात.

तिचं नाव तर मीच ठेवलेलं.

सकाळी तिचा डबा धुवायला उघडला, आत माती. दप्तरात माती. फ्रॉकच्या ओच्यात. तळहात लाल झालेत, दीपमाला मलम लावते आणि विचारते, कुठे खेळतेस गं. पोर मुठी मिटून घेते. काल दुपारपासून घास घेतलेला नाही. ताट समोर केलं की माझ्याकडे बघते. म्हणते, आबा, आधी हजेरी घ्या ना. आमची खिचडी अडून राह्यली.

आमची.

बाराच्या सुमाराला तोंडात पंचा कोंबून बसलो, झोप लागू दिली नाही. ओठ आतल्या आत नावं घेत होते. पंचा दातांनी फाटला.

दीपमालाला म्हटलं, पोरीला घेऊन आजच नागपूरला जा. ती म्हणाली, बाबा, आई गेल्यापासून तुम्ही झोपलेले नाहीत. मायेनं म्हणाली. त्याचाच राग आला.

रविवार, ४ मे

ओवीचं नाव ब्लेडनं खरवडलं. बिघडलेल्या नोंदी खरवडायचो तसं. तिथं माझं लिहिलं. श्रावण, वय एकाहत्तर. बघता बघता शाई कागदावरून घसरून खाली जमा झाली, तव्यावर पाणी टाकावं तशी. वय बाराच्या आत असावे.

खाली ओवी परत उमटली.

मग पट चुलीत घातला. एक कोपरा पेटला आणि आतल्या खोलीत पोर किंचाळली. बोटांची टोकं भाजली तिची. पट हातानं बाहेर ओढला. माझेही भाजले, पण माझ्या हातांचं काय—

दीपमालानं घरीच सलाईन लावलं आहे. डॉक्टर म्हणतात, उद्यापर्यंत खाल्लं नाही तर यवतमाळला हलवा. हलवून काय होणार. आर्णी तीस किलोमीटर होती.

ती खाणार नाही. चोवीस पुरे होईतो कुणीच खाणार नाही. उपाशी मरेल, नाहीतर हजर म्हणून मरेल.

पुरे व्हायला एक नाव हवं. फक्त एक. बाराच्या आतलं.

चाळीस वर्षांत किती नावं घेतली मी. आता एकेक मनात आणतो आणि सोडतो. हा कुणाचा, ही कुणाची.

हे मी लिहितोय. मी, ज्यानं कधी छडी हातात धरली नाही.

सोमवार, ५ मे. सकाळ

ठरलं.

नासिरची नात फरहाना. वय आठ. ओवीच्याच वर्गात. रोज बाराला आजोबांचा डबा घेऊन येते. दुसरं काही कारण नाही. समोर असते, एवढंच.

ब्लेड मारलं. लिहिलं. शाई धरली. लगेच वाळली. वय बसलं त्यांना.

नासिर आत्ता टरबुजाची फोड देऊन गेला. म्हणाला, मास्तर, पोरीसाठी दुवा करून राह्यलो. फोड हातात आहे. खाल्ली. गोड होती.

दुपार

पायरीवर बसलो आहे. वही गुडघ्यावर, पट मांडीवर. ओवी घरी, खाटेवर, दीपमाला उशाशी, जागरणानं पेंगलेली. दाराला बाहेरून कडी मीच घातली.

फरहाना आली. ओवी कशी आहे गुरुजी, म्हणून विचारलं तिनं. बरी होईल, म्हणालो. आता बरी होईल.

ती फाटकाशी आजोबांजवळ बसली. डब्याचं झाकण चाटते आहे.

सावलीघड्याळाची सावली बारावर आली. सुरू केलं.

बायजा. जी.

त्यापुढे राजदीप. हजर. त्याचा आवाजही आता बारीक झालाय—

राघ्या. सखी. लखू. झिंगरी. त्यापुढची सगळी. जी, जी, जी. जवळ येऊन बसताहेत. पायांना लागताहेत. पोटं वाजतात.

शादाब. हजर.

भिवाची ओळ. नाव घेतलं. फरहाना.

कुणी नाही.

मोठ्यानं घेतलं. फरहाना, नासिरची नात—

हजर!

फाटकाकडून नाही. वरून. माझ्या पाठीमागून. फरहानानं मानसुद्धा वर केलेली नाही—

हा आवाज मला—

फरहाना पळत आली, हसते आहे. म्हणते, गुरुजी, माही हजेरी ओवीनं देल्ली! मी वर्गात नसली का तेच देते, तिची मी देतो, आमचं ठरलं हाये—

दाराला कडी होती. खिडकी. खिडकी विसरलो—

पटावर फरहाना पुसलं जातंय. अक्षरं सरकतात. ठळक—

चौथ्या पायरीवर आहे. डोक्यावर टोपली. सलाईनची नळी हाताला लोंबते. ओवी टाक ती. ओवी. लेकरा खाली ये. तिला ऐकू— हात थांबत नाही माझा, मला लिहायचं नाही, हात—

सगळी एकदम बसली. ओळीनं. चोवीस.

मधे बसली ती. माझ्याकडे बघून हसली. तीन दिवसांनी हसली. म्हणते आबा, वाढलं—

मूठ भरली तिनं. तोंडाशी— ओवी नको ती खिचडी नाही, बाळा, ती मा